‘काळी पंख्याला, निळी दिव्याला’ : हा सल्ला आपल्या छताला चालत नाही

दिवा असलेला पंखा घेतला, आता पंखा आणि दिवा वेगवेगळे कसे चालवायचे? यावरचा एक मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: काळी वायर पंख्याची, निळी दिव्याची, पांढरी न्यूट्रल (करंट परत नेणारी), छतात वायर कमी पडली तर हिरवी वापरा, दोन्हीला एकच रेग्युलेटर पुरतो, आणि एवढं करूनही जमलं नाही तर स्लॅब फोडण्यावाचून गत्यंतर नाही.

रंगांचं गणित अमेरिकेतलं आहे. तिकडच्या पंख्यांना अशाच वायरी असतात आणि तिकडे छतातून येणारी काळी वायर म्हणजे फेज, करंट आणणारी. लाल असली तर बहुधा तीही फेजच. आपल्याकडे बहुतेक घरांत काळी म्हणजे न्यूट्रल आणि फेज लाल किंवा पिवळी. (जुन्या इमारतींत तर त्या दिवशी वायरमनच्या पिशवीत जो रंग उरला असेल तो.) त्यामुळे रंग बघून नव्हे, टेस्टर लावून ठरवायचं.

आता मेसेज वाचून कोणी शिडीवर चढलाच तर काय होईल? आपल्या छतात लाल, काळी आणि नशीब असेल तर हिरवी, एवढंच सापडतं. गडी काळीला काळी जोडणार, दिव्याची निळी उरलेल्या लालला. राहिली पांढरी. तिच्या जोडीला छतात पांढरी नाहीच, म्हणून मेसेजमधलं दुसरं वाक्य आठवून ती हिरवीला. पंखा हलत नाही, पण दिवा लागतो! म्हणजे अर्धं तरी जमलं, असं वाटतं.

प्रत्यक्षात दिव्याचा करंट हिरव्या, म्हणजे अर्थिंगच्या वायरीतून परत जातोय. करंट इतका थोडा की एमसीबीला (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) पत्ताही लागत नाही. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट भलत्या वाटेने गळला की पडणारा स्विच) असेल तर तो पडतो, कारण 230 व्होल्टवर 9 वॉटचा एलईडीसुद्धा निदान 39 मिलिअँपिअर घेतो. लोक मग ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून आरसीसीबीच काढून टाकतात. आणि अर्थिंग कुठे ढिलं असेल तर? त्याच हिरव्या वायरीला फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीनची बॉडी जोडलेली असते. दिवा छतात, झटका बाथरूममध्ये. हिरव्या वायरीला अर्थिंगशिवाय दुसरं काम देऊ नये, तात्पुरतंसुद्धा.

एकाच रेग्युलेटरची गोष्ट लवकर आटपते. पंख्याचा स्टेपवाला रेग्युलेटर आत कपॅसिटर घालून पंख्याला मिळणारं व्होल्टेज कमी करतो. दिवा त्याच वायरीवर असेल तर पंखा एकवर आणला की एलईडी लुकलुकतो, नाहीतर विझतो. उलट दिव्याचा डिमर पंख्याला लावला तर मोटर गुणगुणते आणि तापते.

राहिला स्लॅब. आपल्याकडे कन्सील्ड, म्हणजे भिंतीत-स्लॅबात दडवलेलं, वायरिंग पाइपातून गेलेलं असतं, हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊकच नसावं. पंख्याच्या बॉक्सपासून बोर्डापर्यंत पाइप मोकळा असेल तर जुन्या वायरीच्या टोकाला नव्या बांधून ओढून घेता येतात. दोन फेज (एक पंख्याची, एक दिव्याची), एक न्यूट्रल, एक अर्थिंग. दीडची (दीड स्क्वेअर मिलिमीटरची) वायर पुरते. बोर्डावर दिव्याला स्वतंत्र बटण, पंख्याला बटण आणि रेग्युलेटर. भिंतीला छिन्नी लागत नाही. मात्र स्लॅब भरताना पाइपात सिमेंटचं पाणी शिरलेलं असेल तर वायर मध्येच अडकते. तिथे जोर लावला की जुनीही तुटते, म्हणून वायरमनला घाई करू नका.

पाइप चोंदलेलाच निघाला तर रिमोटचा रिसिव्हर. तो पंख्याच्या वरच्या कपात बसतो; आत फक्त फेज आणि न्यूट्रल जातात, बाहेर पंखा आणि दिवा वेगळे निघतात. भिंतीवरचा रेग्युलेटर मात्र सर्किटमधून काढायचा, नाहीतर रिसिव्हर फार दिवस टिकत नाही. साध्या मोटरचा रिसिव्हर बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या डीसी मोटरच्या) पंख्याला चालत नाही. बहुतेक बीएलडीसी पंख्यांत तो आतच असतो, त्यामुळे दिव्यासकट पंखा नवा घ्यायचाच असेल तर बीएलडीसीच बघा. 1200 मिलिमीटरचा जुना साधा पंखा फुल स्पीडला 75 वॉटच्या आसपास खातो, हा साधारण 30. रिमोटवर पंखा आणि दिवा यांची बटणं वेगळी आहेत ना, एवढं दुकानातच पाहून घ्या.