मियाताच्या रेडिएटरात हळद घालू नका

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. ‘जुन्या स्पोर्ट्स कारचं कूलंट गळतंय? गॅरेजवाल्याची धन कशाला करता? रेडिएटरमध्ये दोन चमचे हळद टाका, थर्मोस्टॅट काढून फेका, कूलंटऐवजी नळाचं पाणी भरा.’ सोबत फोटो माझदा एमएक्स-५चा, म्हणजे अमेरिकेतल्या मियाताचा. १९८९ साली आलेली, दिवे वर उघडणारी पहिली पिढी. हीच गाडी मी इंग्लंडात वापरतो आणि बोनेटखालची बरीचशी कामं स्वतःच करतो. त्यामुळे गप्प बसवेना.

आधी हळद. हा उपाय अगदीच थाप नाही. घाटात अँबॅसिडर तापली की ड्रायव्हर हळद टाकायचे आणि गाडी घरी पोचायचीही. भुकटी पाण्याबरोबर फिरते, फटीत अडकून फुगते आणि धार थांबते. पण तो रेडिएटर तांब्या-पितळेचा होता. पुढे रेडिएटरवाला टाकी उकलायचा, नळ्यांतून सळई फिरवायचा, भोकाला डाग द्यायचा. एमएक्स-५च्या मूळ रेडिएटरची जाळी अ‍ॅल्युमिनियमची आणि टाक्या प्लास्टिकच्या, कडा दुमडून घट्ट बसवलेल्या. सळई फिरवायची सोय नाही आणि प्लास्टिकला डाग कुठला बसायला! शिवाय फट कोणती आणि वाट कोणती हे हळदीला कळत नाही. डॅशबोर्डमागच्या हीटरच्या नळ्या तर आणखी अरुंद. त्या तुंबल्या की अख्खा डॅशबोर्ड खाली उतरवा. गळती बुजवायला बाटलीत मिळणाऱ्या स्टॉप-लीकचीही तीच गत.

मुळात हा मजकूर गळती कुठे आहे हे विचारतच नाही. सगळा घोळ इथे आहे. बोनेट उघडून रेडिएटरची वरची टाकी बघा. नवी असताना ती काळी असते. म्हातारी झाली की मातकट, हिरवट-तपकिरी होते. तसा रंग दिसला तर फट पडायची वाट बघू नका, रेडिएटर बदला. मग होज पाइप दाबून बघा. क्लिपेपाशी पांढरट किंवा हिरवट खरपुडी दिसली तर तिथून पाझरून वाळलंय. इंजिनाच्या पाठीमागचे हीटरचे पाइप हमखास राहून जातात, कारण हात तिथे धड पोचत नाही. पुढच्या बाजूला वॉटर पंपाखाली ओल असेल तर पंपाचं सील गेलंय. पंप टायमिंग बेल्टच्या आड असल्यामुळे त्यासाठी बेल्ट उतरवावाच लागतो, म्हणून शहाणा मिस्त्री दोन्ही एकदम बदलतो. पायाखालची मॅट ओली, काचेवर चिकट वाफ आणि आत गोडसर वास, असं असेल तर हीटर.

यातलं काहीच दिसत नसेल तर इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरच्या तोंडावर प्रेशर टेस्टरचा हातपंप लावायचा, कॅपवर लिहिलंय तेवढाच दाब द्यायचा आणि काटा उतरतो का बघायचं. गरम इंजिनाची कॅप मात्र कुणाच्याही सांगण्यावरून उघडू नका. हवेच्या दाबापेक्षा एक बार जास्त दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. कॅप फिरवली की दाब जातो आणि ते सगळं तुमच्या तोंडावर येतं.

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावरही विसंबू नका. या गाडीत तो बराच वेळ मध्यावरच ठाण मांडून असतो; हलतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

थर्मोस्टॅट काढण्याचा गळतीशी काडीचाही संबंध नाही. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटची वाट उघड-बंद करणारी झडप. तो साधारण ८८ अंशांना उघडतो, म्हणजे इंजिन लवकर तापवून त्याच तापमानाला ठेवणं हे त्याचं काम. काढलात तर थंडीत मोटरवेवर इंजिन कोमटच राहतं, संगणक ते थंडच आहे असं समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि हीटरमधून गार वारा येतो. बंद अवस्थेत अडकला असेल तर नवा घाला. स्वस्त असतो.

नळाच्या पाण्याबाबत त्या मजकुरात अर्धं सत्य आहे. नुसतं पाणी ग्लायकॉल (कूलंटमधलं, पाणी गोठू न देणारं रसायन) मिसळलेल्या पाण्यापेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं. कित्येक रेसट्रॅकवर तर ग्लायकॉलला बंदीच असते, कारण ते सांडलं की ट्रॅक निसरडा होतो. पण तिथेही पाण्यात गंजरोधक घालतात. या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे मुख्य धड, बिडाचा आणि त्यावर बसणारं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. नुसत्या पाण्यात दोन्ही कुरतडली जातात. आपल्याकडे बर्फ पडत नाही हे खरं, पण बोअरच्या पाण्याचे क्षार आहेतच की. इंग्लंडात तर पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं घेतलं तर ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. पूर्ण गाडीला असं मिश्रण लागतं सुमारे सहा लिटर. जुनं काढताना भांड्यात धरा, चव गोड असल्यामुळे मांजरं-कुत्री चाटतात आणि मरतात.

राहिली ती गॅरेजवाल्याची धन. या गाडीत रेडिएटर, होज, थर्मोस्टॅट ही बहुतेक कामं पुढून, उभ्याने होतात. घरच्या पान्यांवर भागतं. भरून झाल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून, कॅप उघडी ठेवून थंड इंजिन चालू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत वरून भर घालत राहा. इंजिन तापूनही बुडबुडे थांबत नसतील तर कॅप तशीच राहू द्या, गाडी बंद करा आणि हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेडमधलं सील, तपासून घ्या. तिथे मात्र गॅरेजच गाठावं लागेल.