माझ्या तोंडावर काही लिहिलंय का?

ज्या गोष्टीचा शेवट आपल्याला ठाऊक आहे तिची सुरुवात घरच्यांबरोबर बघायला बसू नये. बसायचंच असेल तर तोंडावर पांघरूण घेऊन बसावं.

‘बेटर कॉल सॉल’ ही ड्रग्जच्या धंद्यावरच्या ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकी मालिकेच्या आधीची गोष्ट. मूळ मालिका 2008 ते 2013 या काळात आली, ही आली 2015 मध्ये, पण हिच्यातलं कथानक सुरू होतं 2002 सालापासून. गाव तेच, न्यू मेक्सिकोमधलं अल्बुकर्की. जिमी मॅकगिल नावाचा धडपड्या, लबाड पण लोभस वकील पुढे मूळ मालिकेतला सॉल गुडमन कसा होतो, ती ही सहा सीझनांची आणि 63 भागांची कहाणी.

नवऱ्याने मूळ मालिका पाहिलेली नाही. गोष्ट कशी क्रमाने बघावी, असं त्याचं मत. मला मूळ मालिका पाठ आहे, पण ही नवी. आणि भाच्याने दोन्ही पाहिल्यात, वर परत आमच्याबरोबर बघायची हौस. म्हणजे एका सोफ्यावर एक सर्वज्ञ, एक अर्धवट आणि एक कोरी पाटी. सासूबाई येता-जाता बघतात. त्यांना दोन्ही मालिकांशी काही देणंघेणं नाही, फक्त कोण कोणाच्या घरात का शिरलंय एवढं समजलं पाहिजे.

पाचव्या सीझनचा नववा भाग, ‘बॅड चॉइस रोड’. त्याच्या आदल्या भागात जिमीने ड्रग्जच्या टोळीतल्या लालो सालामांकाच्या जामिनाचे 70 लाख डॉलर वाळवंटातून पायपीट करत आणलेत. वाटेत गोळीबार झाला, तहानेने जीव जायची वेळ आली, आणि तहान कशी भागवली ते सासूबाईंनी नेमकं पाहिलं, त्यामुळे त्याबद्दल मी इथे लिहीत नाही. लालोला त्याने सांगितलंय की गाडी बंद पडली म्हणून चालत आलो. लालोला ती गाडी सापडते. गाडीला गोळ्यांची भोकं. आणि तो थेट जिमी आणि त्याची वकील बायको किम राहतात तिथे येऊन थडकतो.

दारावर थाप पडली आणि नवरा माझ्याकडे बघायला लागला.

ही त्याची युक्ती मला बऱ्याच उशिरा कळली. जिमीवर पिस्तूल रोखलं गेलं की मी शेंगा सोलत बसते, कारण जिमी मरूच शकत नाही. त्याला अजून मूळ मालिकेचा नायक वॉल्टर व्हाइट भेटायचाय. समोरच्या गच्चीवरून लालोवर बंदूक रोखून बसलेला माइकही मरू शकत नाही, त्याचा मालक गस फ्रिंगही नाही; दोघंही मूळ मालिकेत आहेत. मी निवांत दिसले की नवरा मनातल्या मनात त्या माणसाचं नाव जिवंतांच्या यादीत टाकतो आणि पाय पसरतो. पण कॅमेरा किमवर गेला की माझ्या हातातली शेंग हातातच राहते. किम वेक्सलर मूळ मालिकेत नाही. का नाही? हाच तर प्रश्न. त्यामुळे मी माझ्या उजवीकडे, भाच्याकडे बघते. भाचा पत्त्यांच्या अड्ड्यावर वाढल्यासारखा मख्ख. थोडक्यात, इतका थरारक प्रसंग चालू असताना टीव्हीकडे बघणारं माणूस घरात एकच होतं.

“त्या मिशीवाल्याला आत कशाला घेतलं?” सासूबाई म्हणाल्या.

लालो हसतमुख माणूस. आवाज चढवत नाही. नुसतं म्हणतो, पुन्हा सांग, गाडी कुठे बंद पडली? जिमी सांगतो. पुन्हा सांग. जिमी पुन्हा तेच सांगतो. तिसऱ्यांदा तेच ऐकताना माझ्या पोटात गोळा आला. मध्येच तो खोलीतल्या माशांच्या टाकीपाशी जातो आणि काचेवर बोटाने टकटक करतो.

“काचेवर वाजवू नये,” सासूबाई कळवळल्या. “मासे घाबरतात.”

आणि मग किम बोलायला लागते. बेवारस गाडी दिसली म्हणून कोणीही जाता-जाता गोळ्या झाडल्या असतील, त्यात काय एवढं? आणि पैसे आणायला तुला एक वकीलच मिळाला? तुझ्या माणसांवर तुझा भरवसा नाही? आधी घरचं बघ! समोर खुनी उभा असताना ती त्याला सरळ झाडते, आणि तो निघून जातो. नवरा टाळ्या वाजवायला लागला. मला टाळ्या सुचेनात. या धंद्यात जो उठून दिसला त्याचाच नंबर लागतो, आणि आता ती लालोच्या डोळ्यांत भरली होती.

चर्चा रात्री एकपर्यंत चालली. भाच्याचं म्हणणं, प्रसंगात खरी भीती जिमीच्या चालू ठेवलेल्या फोनची आहे, कारण पलीकडे माइक ऐकतोय. मी म्हटलं, छे, भीती किमच्या हुशारीची आहे. मूळ मालिकेत सॉलला तोंड झाकलेले दोघे वाळवंटात नेतात तेव्हा तो घाबरून विचारतो की तुम्हाला लालोने पाठवलं का, ते मला आठवत होतं. म्हणजे इतक्या वर्षांनंतरही सॉलच्या मनात लालो जिवंतच आहे! हे मी बोलायला तोंड उघडलं आणि नवऱ्याने कान झाकले. कान झाकून माझ्या तोंडाकडे बघत राहिला, ते वेगळं.

“मावशी, तू बोलू नकोस गं,” भाचा म्हणाला, “आणि चेहराही करू नकोस.” मग स्वतः मात्र सुरू झाला. दुसऱ्या सीझनच्या दहाही भागांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं घेऊन हलवली की ‘फ्रिंग परत आलाय’ असं वाक्य होतं, आणि ते प्रेक्षकांनी शोधून काढलं होतं. हे खरं आहे. अशा लोकांसमोर आपण काय चर्चा करणार? वर ऐकवलंन, “तुम्हाला पुढचा सीझन उद्या मिळेल. आम्ही एप्रिल 2020 पासून एप्रिल 2022 पर्यंत जीव मुठीत धरून होतो.” नवऱ्याची शंका साधी होती: माइक एवढा थकलेला, तर आणखी काही वर्षांनी धावपळ कशी करेल? काही वर्षांनी तो तरुण दिसतो, हे मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

आता सहाव्या सीझनचं. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा. असं लिहिलं की लोक आधी तोच वाचतात. सातव्या भागात हॉवर्ड हॅमलिन त्याच घरी येतो, जिमी आणि किमला जाब विचारायला. हॉवर्डही मूळ मालिकेत नाही, पण त्याचं नाव माझ्या काळजीच्या यादीत कधी आलंच नव्हतं. इतका टापटीप वकील, त्याच्या वाटेला कोण जाणार? मी शेंगा सोलत होते. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, पाय पसरले. मेणबत्तीची ज्योत हलली, दारातून लालो आला, थोडं बोलणं झालं आणि गोळी.

“तुला माहीत नव्हतं?” नवरा ओरडला. फसवणूक झाल्यासारखा.

“मी तेव्हाच म्हटलं होतं,” सासूबाई म्हणाल्या.

तेव्हापासून मला सोफ्यावर जागा नाही. मागच्या खुर्चीवर बसवतात, म्हणजे माझं तोंड कोणाला दिसत नाही. तिथून सबटायटल्सची खालची ओळ सासूबाईंच्या अंबाड्यामागे जाते. काल न राहवून विचारलं, “काय म्हणाला तो?” तर तिघंही एका सुरात म्हणाले, “तुला माहीत असेल की!”