पोरात दम नाही म्हणे

आज पहाटे पाचला ताईचा फोन. परदेशात राहणाऱ्या माणसाला पहाटेचा फोन म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, उचलेपर्यंत आई-अप्पा सगळे डोळ्यांसमोरून गेले. बातमी निघाली वेगळीच. भाच्याला कबड्डीच्या अकॅडमीने घरी पाठवलं. दीड वर्ष होस्टेलला होता. ट्रंक आणि वळकटी घेऊन एसटीने एकटा आला, आणि मागोमाग अकॅडमीचा फोन : "पोरात दम नाही. चढाईला गेला की बावरतो. उगाच पैसे घालवू नका."

मी विचारलं, दीड वर्ष खेळवलं कुठं त्याला?

"चढाईलाच. उंच हाय न्हवं."

उंच हाय न्हवं! माझी झोप तिथेच संपली. आता ऑफिसची पहिली मीटिंग बुडवून हे लिहीत बसलोय. लांबणार आहे, आधीच सांगतो.

दीड वर्षापूर्वी फी भरून घेताना याच लोकांनी ताईला "पोरात दम आहे" म्हणून सांगितलं होतं. मग तो दम गेला कुठं? ट्रंकेत तर नव्हता. पोरगं तुमच्याकडे राहिलं, तुमचं जेवलं, तुमच्या शिट्टीवर उठलं-बसलं, आणि बिघडलं तर दोष पोराचा? आचाऱ्याने भात करपवायचा आणि वर तांदूळच वाईट म्हणायचं.

हे मला इतकं झोंबलं कारण मी स्वतः हेच ऐकलंय. नववीत. मीही उंच होतो, म्हणून मीही चढाईला. आमच्या तेव्हाच्या सरांचा हिशेब सरळ होता : उंच पोराचे हात लांब, लांब हात म्हणजे चढाई. मी आत जायचो, कबड्डी-कबड्डी म्हणता म्हणता दम संपायचा, आणि पाचजण मिळून मला मातीत पुरायचे. दोन वर्षं. कपाळाला फक्की, गुडघे सोललेले, आणि बाकीची पोरं ओरडायची, "लंबू आला, गुण आला!" गुण समोरच्यांना.

मग शाळेत तासिकेवर एक नवे सर आले. शिकवायचे विज्ञान, पण संध्याकाळी सायकल कडुलिंबाला टेकवून मैदानावर बसायचे. आठवडाभर काही बोलले नाहीत. एक दिवस मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "तू बाहेर बसलास की समोरच्याचं काय बघतोस रे?"

मी म्हणालो, "पाय."

"मग पायाचंच काम कर की." आणि मला डाव्या कोपऱ्यात उभं केलं.

ते सर थोडे बाजूला ठेवा, परत येतो त्यांच्याकडे. आधी झॅक बॉन नावाच्या अमेरिकन फुटबॉलच्या गड्याबद्दल सांगू द्या. मी राहतो न्यू जर्सीत, फिलाडेल्फियापासून पाऊण तासावर, आणि अठरा वर्षांत या गावाने मला ईगल्सचा, म्हणजे इथल्या फुटबॉल संघाचा, भक्त करून सोडलाय. अमेरिकन फुटबॉल म्हणजे ज्यांना नुसती हेल्मेटवाल्यांची ढकलाढकली वाटते (आमच्या हिला अजूनही वाटते), त्यांच्यासाठी चार ओळी. बचावाची पहिली रांग धिप्पाड गड्यांची, समोरच्या रांगेला भिडणारी. त्यांच्या आसपास आणि मागे लाइनबॅकर. त्यातले काही कडेला उभे राहतात आणि खेळ सुरू झाला की थेट क्वार्टरबॅकच्या, म्हणजे समोरच्यांच्या चेंडू फेकणाऱ्या म्होरक्याच्या, अंगावर धावतात. चेंडू हातात असताना त्याला तिथेच आडवा केला की तो 'सॅक'. आणि काही आत, मध्ये उभे राहतात. त्यांनी आधी बघायचं : समोरचे गडी कुठल्या बाजूला झुकले, चेंडू घेऊन पळणार की फेकणार, आणि मग सुटायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर कडेवरचा म्हणजे चढाईवाला आणि आतला म्हणजे कोपऱ्यातला.

बॉन हा विस्कॉन्सिनचा पोरगा. शाळेत चक्क क्वार्टरबॅक होता. कॉलेजच्या शेवटच्या मोसमात, 2019 मध्ये, कडेवरून धावून साडेबारा सॅक काढले. त्या जोरावर 2020 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ कॉलेजची पोरं पाळीपाळीने निवडतात त्यात, न्यू ऑर्लिन्स सेंट्सने तिसऱ्या फेरीत, 74 व्या क्रमांकावर घेतला. आणि मग चार वर्षं नुसती गेली. कधी कडेला, कधी आत, एक जागा अशी नाहीच. बराचसा वेळ स्पेशल टीममध्ये, म्हणजे किक बसली की मैदानभर पळत सुटायचं ते काम. चार मोसमांत मिळून 88 टॅकल (चेंडूवाल्याला धरून पाडणं) आणि 2 सॅक. करार संपला आणि गडी मोकळा झाला. मार्च 2024 मध्ये ईगल्सने त्याला एका वर्षासाठी 35 लाख डॉलरला घेतलं. आकडा आपल्याला मोठा वाटतो, पण या लीगमध्ये तो राखीव गड्याचा भाव. खरं सांगतो, त्या दिवशी मी बातमी वाचलीसुद्धा नाही नीट. कोण हा, म्हणून पुढे गेलो.

त्याच सुमारास ईगल्सने बचावाची सूत्रं व्हिक फँजिओकडे दिली होती. पेनसिल्व्हेनियातल्याच डनमोर गावचा, गावातल्या शाळेपासून कोचिंगला सुरुवात केलेला, पासष्टी ओलांडलेला म्हातारा. गंमत बघा, 1986 पासून हाच माणूस त्याच सेंट्समध्ये लाइनबॅकरांचा कोच होता, आणि 1992 च्या मोसमात त्याच्या हाताखालचे चारच्या चार लाइनबॅकर प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक गड्यांच्या सामन्यासाठी, निवडले गेले होते. म्हणजे या माणसाने लाइनबॅकर बघण्यात हयात घालवलेली.

बॉनला आणला होता कडेसाठी आणि स्पेशल टीमसाठी. फँजिओने त्याला आत उभा केला. मध्ये. लाइनबॅकरांचा कोच बॉबी किंग रोजच्या सरावाला होताच. पोरगा तोच. वयाची सत्ताविशी गाठलेला, पाय तेच, खांदे तेच.

6 सप्टेंबर 2024, मोसमातला ईगल्सचा पहिला सामना, आणि तो ब्राझीलमध्ये, साओ पावलोला, ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध. बॉनच्या 15 टॅकल आणि 2 सॅक. अहो, चार वर्षांत दोन आणि एका रात्रीत दोन! मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो. ही म्हणाली, काय झालं? मी म्हणालो, कोपऱ्यात उभा केला गं त्याला. तिला काय कळणार.

तर सर. कोपऱ्यात उभं केल्यावर पहिले पंधरा दिवस त्यांनी मला पकड करूच दिली नाही. नुसतं उभं राहायचं. चढाईवाला आला की तो कुठला पाय आधी उचलेल ते मोठ्याने सांगायचं, "डावा!", "उजवा!" चुकलं की ते जमिनीवर काडीने एक रेघ मारायचे. शिवी नाही, ओरडा नाही, एक रेघ. पहिल्या दिवशी रेघांचं शेत झालं होतं. पंधराव्या दिवशी चार. मग म्हणाले, "आता धर." मी वाकलो आणि घोटा हातात आला. अजून आठवतो तो घोटा, घामाने आणि मातीने बुळबुळीत, आणि माझी बोटं सुटली नाहीत. तो आमचा सगळ्यात भारी चढाईवाला होता. तोंडावर आपटला बिचारा.

असो. बॉन. मोसम संपला तेव्हा 151 टॅकल, समोरच्याच्या हातून चेंडू पाडायला लावलेले 5, साडेतीन सॅक. ऑल-प्रोच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम गड्यांच्या, पहिल्या संघात. वर्षाच्या सर्वोत्तम बचावपटूच्या अंतिम पाचांत. आणि 9 फेब्रुवारी 2025 चा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, कुठे होता माहीत आहे? न्यू ऑर्लिन्सला. त्याच सुपरडोममध्ये, जिथे त्याला चार वर्षं किकमागे पळवलं. आमच्याकडे सगळी मंडळी जमली होती, भेळ चालली होती. कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक माहोम्सने चेंडू फेकला आणि बॉनने झेप घेऊन तो जमिनीला लागायच्या आत धरला. त्याच चेंडूवर पुढे टचडाउन झाला, मध्यंतराला 24-0, शेवटी 40-22. फँजिओचीही ती अजिंक्यपदाची पहिलीच अंगठी. पुढच्या महिन्यात बॉनला तीन वर्षांचा 5 कोटी 10 लाख डॉलरचा करार मिळाला. भेळेचं ताट माझ्या हातातून गालिच्यावर गेलं होतं, चिंचेचा डाग अजून आहे.

आता तुम्ही म्हणाल, पुढच्या रांगेत ईगल्सच्या जेलन कार्टरसारखा डोंगर उभा असेल तर मागच्याला मोकळं मिळणारच. मान्य. पोरगा मुळात मेहनती होता. तेही मान्य. आणि प्रत्येक घरी आलेल्या पोराचा बॉन होत नाही, हेही कळतं मला, दुधखुळा नाही मी. पण अकॅडमीवाल्यांनी दीड वर्षात एकदा, एकदा तरी त्याला डाव्या कोपऱ्यात उभं करून बघितलं का? सेंट्सने निदान दोन्हीकडे ठेवून तरी बघितलं. यांनी तेही केलं नाही, आणि निकाल लावून मोकळे.

कोचला पैसे कशाचे देतो आपण? शिट्टी वाजवायचे? शिट्टी तर एसटीचा कंडक्टरपण वाजवतो, आणि तो निदान पोराला घरी सुखरूप पोचवतो.

हे लिहिता लिहिता जरा थंड झालो, आणि एक गोष्ट आठवली. सांगितल्याशिवाय राहवत नाही. गेल्या महिन्यात माझ्याच टीममधल्या एका मुलीच्या वार्षिक मूल्यमापनात मी लिहिलंय, "पुढाकार घेत नाही." मीटिंगमध्ये गप्प असते म्हणून. ती गप्प बसून काय बघत असते, हे मी तिला कधी विचारलेलं नाही. अकॅडमीला शिव्या देताना हाताची बोटं जरा अडखळली ती इथे. उद्या विचारतो.

ते सर वर्षभरच होते. तासिका संपल्या, सायकल घेऊन गेले. दहावीला आम्ही तालुक्याला जिंकलो तेव्हा ते नव्हते. त्यांचा फोटोसुद्धा नाही माझ्याकडे, आहे ती फक्त ती रेघ. अजूनही कुणाचं चुकलं की माझ्या हाताला काडी शोधायची सवय आहे.

ताई म्हणाली, "तुझं बरं हाय, तिकडं बसून बोलायला." बरोबर आहे तिचं. मी पुढे काही बोललो नाही, म्हटलं, त्याला फोन दे. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. चौदा वर्षांचं पोर, त्याला वाटलं आता मामाही झापणार.

मी विचारलं, "समोरचा चढाईला आला की तू काय बघतोस रे?"

गप्प.

"सांग की. चुकलं तर चुकलं."

"मामा," तो हळूच म्हणाला, "बोनसला जायच्या आधी समोरचा उजवा खांदा पाडतो. सगळेच नाय. पण बरेच पाडतात."

"हे तू तिथं कुणाला सांगितलंस?"

"कुणी इचारलंच नाय."