ठाण्याला रेडिओ केंद्र नव्हतं, म्हणूनच तो लेख

नमस्कार काका,

माझ्या ‘ठाण्याचं रेडिओ स्टेशन’ या लेखावर तुमचं पत्र आलं. ठाण्यात चरईत १९६८पासून राहता असं लिहिलंत, म्हणून काका म्हणते. तुमचे आक्षेप दोन. ठाण्याला कधी रेडिओ केंद्रच नव्हतं, तेव्हा मी मुंबईचा इतिहास ठाण्याच्या नावावर खपवते आहे. आणि हातात मोबाइल असताना गावापुरता रेडिओ हवाय कुणाला?

पहिला आक्षेप शीर्षकापुरता मान्य. ‘ठाण्याचं रेडिओ स्टेशन’ हे चुकलंच, आजच बदलते. पण केंद्र नव्हतं हीच तर माझी तक्रार होती. लेखात ती नीट उतरली नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ला सुरू झालं, मीडियम वेव्हवर. या लहरी जमिनीला धरून लांबवर जातात, आणि खाजणाची ओली, खारट जमीन तर त्यांना फार मानवते. पुढे मोठे ट्रान्समीटर मालाड-मालवणीला बसले, म्हणजे आपल्या येऊरच्या डोंगरापलीकडे. साध्या ट्रान्झिस्टरवरही आपल्याकडे खणखणीत लागायचं. माझ्या मते तेच आपल्याला नडलं. १९८४मध्ये तमिळनाडूत नागरकोईलला आकाशवाणीचं पहिलं स्थानिक केंद्र निघालं, नंतर आपल्याकडे नाशिक, सातारा, बीड, धुळे यांनाही अशी केंद्रं मिळाली. ठाण्याला नाही. मुंबई ऐकू येते ना, मग वेगळं कशाला?

मुंबई केंद्राबद्दल माझ्या मनात अढी नाही, काका. ‘वनिता मंडळ’ लागलं की आमच्याकडे कुकरची शिट्टीसुद्धा आईला नको व्हायची. ‘आपली आवड’ला शेजारच्या दोन घरांतून तेच गाणं यायचं, मग आम्ही आमचा रेडिओ बंद करून तसंच ऐकायचो. पण त्या आवाजात कोपरी, कळवा, वागळे इस्टेट ही नावं कितीदा आली? एमआयडीसीची सुरुवात जिथून झाली तो वागळेचा कामगार रेडिओ ऐकत होता, रेडिओवर तो क्वचितच होता.

आता मोबाइलचं. २६ जुलै २००५ची रात्र आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आमच्याकडे वीज नाही, फोन लागत नाहीत. बाबा भांडुपहून रुळांवरून चालत निघाले होते. घरात मेणबत्तीशेजारी ट्रान्झिस्टर, त्यातला एक सेल मी भिंतीवरच्या घड्याळातून काढून घातलेला. रेडिओवर कुर्ला येत होतं, कलिना येत होतं, मिठी नदी येत होती. मुलुंडच्या पुढे काय चाललंय, कोपरीला पाणी आहे का, कळव्याचा पूल चालू आहे का, हे कुणी सांगेना. आई दर वेळी म्हणायची, “आता आपलं सांगतील.” बाबा पहाटे तीनला आले, तोवर तिने रेडिओ बंद करू दिला नाही. पुढे एफएमची इतकी स्टेशनं आली, पण ठाण्यात लागतात ती मुंबईचीच.

आणि हे काही अशक्य कोटीतलं मागणं नाही. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्येच सांगितलं. २००६पासून स्वयंसेवी संस्थांनाही कम्युनिटी रेडिओ, म्हणजे आपल्या परिसरापुरता छोटा रेडिओ, चालवता येतो, माणदेशात म्हसवडला महिलांनी तो चालवून दाखवला आहे. १०० वॅटचा ट्रान्समीटर साधारण ५ ते १० किलोमीटर गाठतो. नौपाड्यात एरियल उभं केलं तर कळवा, वागळे, माजिवडा सगळं टप्प्यात येतं. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, हे खरं. पण पाणी कधी येणार, रस्ता कुठे बंद आहे, पूर आलाय का, हे सांगायला मुभा आहे. त्या रात्री आईला एवढंच हवं होतं.

जाता जाता एक विनंती. तुमच्या वडिलांच्या रेडिओ लायसनचं, म्हणजे रेडिओ ठेवायला तेव्हा पोस्टातून घ्याव्या लागणाऱ्या परवान्याचं, पुस्तक अजून घरात आहे असं तुम्ही लिहिलंत. त्यावरचा ठाणे पोस्टाचा शिक्का वाचता येत असेल, तर त्या पानाचा फोटो पाठवाल का? नाव-पत्ता झाकून पाठवा. दुरुस्त केलेल्या लेखात सगळ्यात वर तोच लावीन.