आधी हिशेब मांडा, मग फीवर भांडू

जुलै लागला की नातेवाइकांच्या ग्रुपवर कॅप राउंड, कटऑफ आणि फी यांच्याशिवाय दुसरा विषय नसतो. यंदा एका काकांनी ‘शिक्षणाचा नुसता बाजार मांडलाय’ म्हणून सुरुवात केली. त्यावर मावसभावाने टोला हाणला, ‘अमेरिकेत बघा, पन्नास हजार डॉलर भरतात, कुणी चकार शब्द काढत नाही.’ मग दोघांनीही मला साक्षीला बोलावलं, कारण मी पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या खासगी कॉलेजच्या बिझनेस ऑफिसात बजेट सांभाळते. साक्ष द्यायची तर दोघांचंही चुकतंय. इथले लोक कुरकुरतात, भरपूर कुरकुरतात. आणि ते पन्नास हजार डॉलर भरणारी घरं वाटतात त्यापेक्षा फार कमी आहेत.

हे मला कुठं नीट कळलं, तर आमच्या धंद्याच्या वार्षिक मेळाव्यात. नॅशनल असोसिएशन ऑफ कॉलेज अँड युनिव्हर्सिटी बिझनेस ऑफिसर्स, थोडक्यात नॅक्युबो, ही 1962 पासूनची संघटना. तिचं वार्षिक अधिवेशन जुलैमध्ये भरतं, दरवर्षी वेगळ्या शहरात. जुलैच का? बहुतेक अमेरिकन कॉलेजांचं आर्थिक वर्ष 30 जूनला संपतं. ‘इयर एंड’ची झोड ओसरलेली असते, ऑडिटर अजून दाराशी यायचे असतात, आणि नव्या वर्षाला किती मुलं येणार याचा धसका मनात असतो. अशा मधल्या दिवसांत देशभरचे वित्तप्रमुख, कंट्रोलर, खरेदीवाले, इमारतींची देखभाल बघणारे एका मोठ्या हॉटेलात जमतात. प्राध्यापकांच्या परिषदेत जे नसतं ते इथं असतं: कुणालाही आपण थोर काम करतोय असा भास नसतो. माझ्यासारख्या सीपीए, म्हणजे इथल्या सीए, मंडळींना परवाना टिकवायला लागणारे क्रेडिट प्रत्येक सत्राला मिळतात, पन्नास मिनिटांचं एक. त्यामुळे सत्र कितीही रटाळ असलं तरी एकोणपन्नासाव्या मिनिटापर्यंत कुणी उठत नाही.

बाहेर प्रदर्शनाचं दालन. बँका, गुंतवणूक सल्लागार, मेसचे ठेकेदार, फीचे हप्ते पाडून देणाऱ्या कंपन्या, सॉफ्टवेअरवाले. पेनं, मोजे, पिशव्या फुकट. ज्या कॉलेजच्या खात्यात तीन महिने पुरेल एवढीसुद्धा रोकड नाही, त्याचा माणूसही तिथं पन्नास लाख डॉलरची प्रणाली बघून ‘विचार करतो’ म्हणतो. आपल्याकडच्या साड्यांच्या सेलमध्ये दिसतो तोच चेहरा.

पण खरी गर्दी फीच्या सवलतीवरच्या सत्राला. नॅक्युबो दरवर्षी खासगी, नफा न कमावणाऱ्या कॉलेजांची पाहणी करते. पहिल्यांदा पदवीला येणाऱ्या, पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या छापील फीवर कॉलेज स्वतःच किती सूट देतं, हा तिचा मुख्य प्रश्न. गेल्या काही वर्षांत हा आकडा 56 टक्क्यांच्या आसपास पोहोचलाय. म्हणजे पत्रकावर 50,000 डॉलर लिहिलेलं कॉलेज सरासरीने प्रत्येक नव्या मुलामागे 22,000 डॉलर वसूल करतं. उरलेल्या 28,000 चं काय? बहुतेक ठिकाणी त्यामागे कुठल्या दात्याची ठेव नसते. ती रक्कम कॉलेजने घेतलीच नाही, इतकाच तिचा अर्थ. तिला ‘प्रेसिडेन्शियल स्कॉलरशिप’ असं भारदस्त नाव देऊन, जाड कागदावर छापून पत्र घरी पाठवतात. शेजारच्या घरात तेच पत्र दुसऱ्या रकमेचं आलेलं असतं. एका ओळखीच्या काकूंनी नातवाला अशी स्कॉलरशिप मिळाली म्हणून साऱ्या कॉलनीत पेढे वाटले. मी गप्प राहिले. नातू हुशार आहेच, पण ते पत्र आमच्यासारख्याच कुणीतरी एक्सेल शीटमधून काढलेलं असतं: एवढी सूट दिली तर हे घर हो म्हणेल, एवढी दिली तर नाही.

ही पद्धत कुणालाच मनापासून आवडत नाही, पण सोडायची हिंमत मोजक्यांनाच होते. अमेरिकेत 2007 नंतर जन्म घटत गेले, त्यामुळे आता अठरा वर्षांची मुलंच कमी होऊ लागली आहेत. रिकामी खुर्ची कुणालाच परवडत नाही. म्हणून फी वाढवायची, सूट त्याहून जास्त वाढवायची आणि हातात पडणारी रक्कम जागच्या जागी. पुण्यातल्या एखाद्या संस्थाचालकाला ‘अमेरिकेसारखं फीचं स्वातंत्र्य द्या’ असं वाटत असेल तर त्याने हे एक सत्र बसून ऐकावं. छापील किंमत मोठी ठेवून सौदा करायचा, हा बाजार काकांना दिसतो त्याहून कितीतरी पक्का आहे.

सूट मिळत नाही ती आपल्या मुलांना. मास्टर्सला येणारे बहुतेक भारतीय विद्यार्थी जवळपास पूर्ण फी भरतात, बरेचदा घर तारण ठेवून काढलेल्या कर्जातून. 2023-24 मध्ये अमेरिकेत 3,31,602 भारतीय विद्यार्थी होते. चीनला मागे टाकून आपण पहिले आलो, आणि आपल्या वर्तमानपत्रांनी ती बातमी अभिमानाने छापली. बिझनेस ऑफिसात हाच आकडा ‘नेट ट्यूशन रेव्हेन्यू, इंटरनॅशनल ग्रॅज्युएट’, म्हणजे परदेशी मास्टर्सवाल्यांकडून सूट वजा जाता हाती येणारी फी, या ओळीत बसतो. मे 2025 च्या अखेरीस विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबल्या, तेव्हा मला आलेले पहिले फोन नाशिक-जळगावच्या पालकांचे होते आणि दुसरे दोन इथल्या सहकाऱ्यांचे. प्रश्न एकच, येतील ना? पालकांना मुलाची काळजी, सहकाऱ्यांना ती ओळ भरेल की नाही याची. मी दोन्ही बाजूंची, त्यामुळे दोघांनाही नीट उत्तर देता आलं नाही.

त्याच सुमारास, 4 जुलै 2025 ला, सही झालेल्या कायद्याने श्रीमंत विद्यापीठांच्या ठेवींच्या उत्पन्नावरचा कर वाढवला. 2017 च्या कायद्याने तो सरसकट 1.4 टक्के होता, आता प्रति विद्यार्थी ठेव किती यावर 8 टक्क्यांपर्यंत जातो. चर्चा फार झाली. पण फी भरणारे विद्यार्थी संख्येने तीन हजारांहून कमी असतील तर हा कर लागूच होत नाही. अधिवेशनात आमच्या टेबलावरच्या कुणालाही त्याची झळ नव्हती, तरी जेवणभर तोच विषय. गरीब नातेवाइकांना श्रीमंतांच्या घरातल्या भांडणाची गोडी असतेच.

मग या सगळ्यातून घेण्यासारखं काय? मला एकच गोष्ट दिसते. इथल्या बहुतेक खासगी कॉलेजांना आयकर खात्याकडे ‘फॉर्म 990’ भरावा लागतो आणि तो जनतेला खुला असतो. अध्यक्षांचा पगार, सर्वाधिक पगाराच्या कर्मचाऱ्यांची नावं, किती तूट, किती कर्ज, विश्वस्तांशी काही व्यवहार झाले का, सगळं त्यात असतं, आणि कुणीही घरबसल्या फुकट बघू शकतं. शिवाय केंद्राचं शिक्षण खातं कॉलेजांच्या आर्थिक प्रकृतीला उणे 1 ते अधिक 3 या पट्टीवर गुण देतं. 1.5 च्या खाली गेलात की निगराणी आलीच. अधिवेशनात लोक एकमेकांचे आकडे पाठ असल्यासारखे बोलतात. ‘तुमची गेल्या वर्षीची तूट बघितली, छप्पर दुरुस्त केलंत वाटतं?’ यात समोरच्याला अपमान वाटत नाही.

याने सगळं सुरळीत होतं असं मात्र कुणी समजू नये. फिलाडेल्फियातलं युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स, मुळं 1876 पर्यंत जाणारी संस्था. 31 मे 2024 ला तिने जाहीर केलं की 7 जूनला दारं बंद. एक आठवडा! मुलांनी आणि शिक्षकांनी ते बातम्यांत वाचलं. फॉर्म 990 होतेच, ऑडिट होतं, सगळे आकडे जगासमोर होते. उघड्या वह्याही कुणी वाचाव्या लागतात. पण त्यानंतर ‘आम्हाला काही कल्पनाच नव्हती’ असं म्हणणं कुणाही जबाबदार माणसाला जड गेलं, तेही या वह्यांमुळेच.

आता आपल्याकडे. 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली. 1987 मध्ये कॅपिटेशन फी रोखणारा कायदा आला. 2005 मध्ये इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वाजवी शिल्लक ठेवा, नफेखोरी नको. 2015 च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आलं. चाळीस वर्षं आपण एकाच आकड्याभोवती फिरतोय: फी किती? संस्थेचा खर्च नेमका कशावर झाला हे पालकाला विचारावंसं वाटत नाही, आणि विचारलं तर उत्तर मिळेल अशी आशा नाही. कागद नसतात असं नाही. कॉलेजच्या संकेतस्थळावर ‘मँडेटरी डिस्क्लोजर’ नावाचं पान असतं, त्यात कधी कधी ताळेबंद सापडतो, आडवा स्कॅन केलेला, सीएच्या शिक्क्याखाली अर्धे आकडे गेलेले. दोन कॉलेजांचे ताळेबंद शेजारी ठेवून बघायची सोय नाही.

2024 च्या जुलैमध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. आधी ती निम्मी माफ होती. निर्णय चांगला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ग्रुपवर मात्र ‘फुकट दिलं की किंमत राहत नाही’ विरुद्ध ‘मुलींना शिकू द्यायचं नाही का’ असा सामना रंगला. कॉलेज चालवणाऱ्याला विचाराल तर प्रश्न वेगळाच आहे: सरकारकडून प्रतिपूर्ती कधी येणार? मुलीकडून फी घ्यायची नाही, सरकारचे पैसे महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून येतील तेव्हा येतील, आणि पगार मात्र एक तारखेला. संस्थाचालक म्हणतात सरकार थकवतं, सरकार म्हणतं संस्था कागद पुरे करत नाहीत. दोघांपैकी कोण किती खरं, हे सांगणारा तक्ता सामान्य माणसाच्या हाती नाही. मग शिक्षणसम्राट ही शिवी तेवढी हाती उरते.

माझे बाबा सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात हेडक्लार्क होते. मार्चमध्ये डेडस्टॉक रजिस्टर घेऊन बाकं मोजायचे, वेतनेतर अनुदानाचं असेसमेंट, म्हणजे पगाराखेरीजच्या खर्चाची सरकारी तपासणी, लागलं की आठवडा आठवडा घरी जेवायला उशिरा यायचे. कॉलेजात कुठे ओल आली, कोणत्या खात्यातून कुठली रक्कम तात्पुरती वळवली, हे प्राचार्यांच्या आधी त्यांना माहीत असायचं. पण त्यांना कुणी कधी व्यासपीठावर बसवलं नाही. त्यांची परिषद भरायची ती सहसंचालक कार्यालयाच्या व्हरांड्यात, बिलं मंजूर होईपर्यंत ताटकळणाऱ्या चार जिल्ह्यांतल्या क्लार्कांबरोबर. तिथं जी माहिती एकमेकांना मिळायची तिच्यावर एखादी संस्था सावरली असती. विद्यापीठ कायद्यात वित्त व लेखा अधिकारी हे पद आहे, सीनेटमध्ये अर्थसंकल्प मांडला जातो, त्यावर गदारोळही होतो. पण कॉलेजच्या पातळीवर हिशेबाचा माणूस आजही व्हरांड्यातच आहे.

म्हणून माझं मागणं लहान आहे. मोठं हॉटेल नको, फुकटचे मोजे नकोत. दरवर्षी प्रवेश सुरू होण्याआधी प्रत्येक विनाअनुदानित कॉलेजची एक ओळ सरकारने छापावी: मान्य फी, विद्यार्थी किती, पगारावर खर्च किती, किती शिक्षक कायम आणि किती तासिका तत्त्वावर, कॉलेज चालवणाऱ्या संस्थेला भाड्यापोटी किती रक्कम वळवली. आणि शेवटचा रकाना सरकारचा स्वतःचा: या कॉलेजला प्रतिपूर्तीचे किती रुपये देणं बाकी, कोणत्या वर्षापासून. हा रकाना असेल तरच संस्थाचालक बाकीचे रकाने खरे भरतील.

हे मी मराठवाड्यातल्या एका फार्मसी कॉलेजात प्राचार्य असलेल्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अगं, पण तो तक्ता भरणार कोण? आमचा अकाउंटंट दिवाळीनंतर सोडून गेला. पाच महिन्यांचा पगार थकल्यावर कोण थांबतं? आता लायब्ररीतला मुलगा टॅली बघतो.”