चोरलचा वणवा आणि ओरेगॉनची खार : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. विरळणी, म्हणजे रानातली काही झाडं कापून दाटी कमी करणं, यावर मी लेख लिहिला आणि ती करताना उंदीर-खारींचा आसरा राखा असं म्हटलं. त्याखाली तुम्ही लिहिलंत, "इंदूरजवळच्या आपल्या चोरलच्या जंगलात दर उन्हाळ्यात वणवे लागतात. झाडं विरळ केली तर आग आटोक्यात येईल. चार उंदीर-खारींपायी तुम्ही त्यात खोडा कशाला घालता? आणि इंदुरात बसून अमेरिकेतल्या खारीचं काय घेऊन बसलात?" तुमचा राग जंगलाच्या मायेपोटी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

विरळणीला माझा सरसकट विरोध नाही. पश्चिम अमेरिकेतल्या पाँडेरोसा पाइनच्या कोरड्या रानांत पूर्वी दर काही वर्षांनी जमिनीलगत हलकी आग फिरून जायची. १९३५ साली तिथल्या वनखात्याने धोरणच ठरवलं की कुठलीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. मग बारीक झाडांची दाटी झाली, आणि आता आग त्यांच्यावरून चढत थेट शेंड्यांना भिडते. असल्या आगीत खारीचंही घर उरत नाही. तिथे विरळणी आणि पाठोपाठ नियंत्रित जाळणी हा रास्त उपाय आहे. डिअर माउससारखे मोकळ्यावर रमणारे उंदीर त्यानंतर बहुधा वाढतातही.

पण उंदीर वाढले म्हणजे सगळं आलबेल, हे मला मान्य नाही. कोण वाढलं आणि कोण गेलं, ते पाहावं लागतं. उडती खार झाडावरून झाडावर तरंगत जाते आणि रात्री खाली उतरून ट्रफलं, म्हणजे जमिनीखाली वाढणारी बुरशीची फळं, उकरून खाते. तिच्या लेंड्यांतून त्या बुरशीचे बीजाणू पसरतात, आणि तीच बुरशी झाडांच्या मुळांना पाणी आणि क्षार पुरवते. ठिपकेदार घुबडाचं पोटही बऱ्याच अंशी या खारीवर चालतं. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात डग्लस फर या सूचिपर्णी झाडांच्या रानात विरळणीला दहा वर्षं उलटली तरी ती कमीच होती. लाल पाठीचा व्होल हा उंदरासारखा छोटा प्राणी राहतो कुजक्या ओंडक्यांच्या ओलाव्यात. ओंडके उचलले की तोही जातो. म्हणून लेखात म्हटलं होतं : मधूनमधून दाट पट्टे राखा, पोकळ झाडं उभी ठेवा, जाड ओंडके पडू द्या. आग भराभर पसरते ती पाचोळ्याने आणि काटक्यांनी, जाड ओंडक्यांनी नव्हे.

आता चोरल. हे सागाचं पानझडी रान. इथली आग शेंड्यांनी जात नाही, सुकं गवत आणि सागाची रुंद पानं धरून खालून पळते. झाडं कमी केलीत की ऊन जमिनीवर पोचणार, गवत आणि घाणेरी माजणार, म्हणजे पुढच्या उन्हाळ्याला जळण आणखी. उंदीर बिळात वाचतात, कारण माती ताप अडवते. पण वर आडोसा उरत नाही आणि ते शिकाऱ्यांच्या तोंडी पडतात. आपला ससा तर बीळच करत नाही, त्याची पिल्लं गवतातच असतात.

शिवाय ही आग बहुतेक वेळा माणूसच लावतो. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणूनही लावतात. मोहाखाली जाळी बांधून फुलं वरच्या वर झेलली तर काडी लावायचं कारणच उरत नाही. मध्य प्रदेशात हे करून पाहिलेलं आहे. जोडीला जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळे ठेवलेले पट्टे, वेळेवर साफ हव्यात.

तेव्हा काका, वनखात्याकडे मागणी करायचीच तर मोह फुलायच्या आधी या जाळ्यांची करू. अर्ज मी लिहितो, पहिली सही तुमची.