सलग तीन होल म्हणाल तर माझं मत मेरियनला

अकोल्याच्या कृषी विद्यापीठातला माझा एक वर्गमित्र आता कॅलिफोर्नियात असतो. तो तिथल्या पेबल बीच या गोल्फ कोर्सवर एक राउंड खेळून आला, आणि तेव्हापासून आमचा वाद सुरू आहे. जगातल्या सगळ्या गोल्फ कोर्समध्ये एकामागून एक येणारे सगळ्यात भारी होल कुठले? त्याचं ठरलेलं आहे, पेबलचे सहा, सात, आठ. माझं वेगळं आहे, मेरियनचे शेवटचे तीन. व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्या-तुकड्यांत बोलून माझं समाधान होत नाही, म्हणून आज सगळं इथे लिहितो.

गावातल्या मंडळींसाठी एक गोष्ट आधी सांगतो. गोल्फमध्ये होल म्हणजे नुसतं चेंडू जायचं भोक नाही. चेंडू पहिल्यांदा मारायची जागा, म्हणजे टी, तिथपासून भोक असलेल्या ग्रीनपर्यंतचा जमिनीचा पूर्ण पट्टा म्हणजे एक होल. असे अठरा. प्रत्येकाला किती फटके लागावेत तो आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात.

मी गोल्फ फारसा खेळलेलो नाही, पण होल कापलेले आहेत. पदवी झाल्यावर पुण्याजवळच्या एका गोल्फ कोर्सवर सहा वर्षं गवताची देखभाल केली. पहाटे पाच वाजता कटर घेऊन ग्रीनवर जायचं. ती सव्वाचार इंची नळी, म्हणजे १०८ मिलिमीटर, गवतावर सरळ उभी धरायची, दांडा फिरवत खाली दाबायचा आणि मातीसकट गड्डा अलगद वर काढायचा. तोच गड्डा कालच्या भोकात बसवायचा, कडा बोटांनी दाबायच्या, वरून तांब्याभर पाणी. नीट बसला तर दुपारी तिथे कालचं भोक कुठे होतं ते कोणाला सांगता येत नाही. या कामामुळे मला कोर्स खालून, मातीच्या बाजूने दिसायला लागला. पाणी कुठून उतरतं, कुठे थांबतं, उतारावर माणूस कसा उभा राहतो, हे मी आधी बघतो. देखावा नंतर.

आता गावी संत्र्याची बाग आहे. एप्रिलमध्ये आंबिया बहाराची फळं लहान असतात, तेव्हा झाडाला पाण्याचा ताण पडला की फळ गळतं. आमच्या भागात मोटारीची लाईन बरेचदा रात्रीची असते. अमेरिकेतल्या ऑगस्टा कोर्सवरची मास्टर्स स्पर्धाही एप्रिलमध्येच, आणि शेवटच्या दिवसाचा खेळ आपल्याकडे सोमवारच्या पहाटेपर्यंत चालतो. त्यामुळे दरवर्षी ती रात्र मी वावरातच काढतो. स्टार्टरच्या पेटीला मोबाईल टेकवून ठेवायचा, सालदार सोबत असतो, एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात वळवायचं आणि येऊन परत बघायचं.

ऑगस्टाचे अकरा, बारा, तेरा हे तीन होल जगात सगळ्यांना ठाऊक. १९५८ साली हर्बर्ट वॉरन विंड या पत्रकाराने त्या कोपऱ्याला ‘एमेन कॉर्नर’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. रेज क्रीक नावाचा ओढा तिथून वाहतो. बारावा होल फक्त १५५ यार्डांचा. हातात लहान क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, समोर ओढा, त्यापलीकडे आडवं पसरलेलं अरुंद ग्रीन, आणि झाडांमध्ये गोल फिरणारा वारा. २०१६ साली जॉर्डन स्पीथने शेवटच्या नऊ होलांत पाच फटक्यांची आघाडी घेऊन प्रवेश केला. दहाव्यावर बोगी, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त, अकराव्यावर बोगी, आणि बाराव्यावर दोन चेंडू पाण्यात घालून सात फटके. २०१९ साली त्याच बाराव्यावर मोलिनारी आघाडीवर असताना पाण्यात गेला. कोएप्का, फिनाउ, पोल्टर यांचंही तेच झालं. टायगर वुड्सने मात्र झेंड्याकडे न मारता ग्रीनच्या सुरक्षित बाजूला मारलं, आणि पुढे ती मास्टर्स जिंकली.

ती २०१९ ची रात्र मी वावरात जागून काढली. मोलिनारीचा चेंडू पाण्यात गेला तेव्हा मी इतक्या जोरात ओरडलो, की पलीकडच्या धुऱ्यावरून सालदार फावडं घेऊन पळत आला. त्याला वाटलं साप निघाला. मग तोही बसला बघत, आणि मी त्याला सगळं समजावून सांगितलं. एक ओढा, तीन होल, तीन ठिकाणी भीती. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “भाऊ, मंग आपली पांदण काय येगळी हाय? एकच नाला हाय, पन तीनदा आडवा येते. पयल्यांदा उतार हाय, तं बैल आवरा लागते. दुसऱ्यांदा खडक हाय, चाक जपा लागते. तिसऱ्यांदा चढ हाय, तेथं बैल अडते. एकदाच आला असता तं कोनाले भेव वाटलं असतं?”

मला त्या रात्री मोजमाप सापडलं. गावातून आमच्या वावरापर्यंतची पांदण ज्यांनी पावसाळ्यात पाहिली आहे त्यांना तो काय म्हणाला ते लगेच कळेल. पहिल्या ठिकाणी नाला ओलांडताना डोक्यात तिसरा चढ असतो. कापसाची भरलेली गाडी असली तर पहिल्याच उतारावर माणूस हिशोब करतो, की बैलांचा जोर इथे किती खर्च करायचा आणि पुढे किती ठेवायचा. मधला खडक काढून टाकला तर पांदण सोपी होईल, पण मग ती आमची पांदण राहणार नाही. सलग होल मी याच कसोटीवर तपासतो. वेणीचा एक पेड सोडला तर वेणीच सुटली पाहिजे.

एमेन कॉर्नर या कसोटीला जवळपास उतरतो, पूर्ण नाही. बारावा काढला तर सगळं संपतं, हे खरं. पण अकरावा काढून बघा. बारा आणि तेरा तरीही ताठ उभे राहतात. विंडने स्वतः नाव दिलं तेव्हाही अकराव्याचा दुसरा अर्धा भाग, बारावा आणि तेराव्याचा पहिला अर्धा भाग एवढंच धरलं होतं, तीन पूर्ण होल नव्हेतच. माझ्या यादीत तो दुसरा आहे, आणि दुसरा म्हणजे खूप वर.

पहिला मेरियन. फिलाडेल्फियाजवळ आर्डमोरला मेरियन गोल्फ क्लब आहे, त्याचा ईस्ट कोर्स १९१२ साली उघडला. त्याचे सोळा, सतरा, अठरा. तिथे जुनी दगडाची खदान आहे, आणि शेवटचे तिन्ही होल त्या एकाच खदानीवरून जातात. सोळाव्यावर दुसरा फटका खदानीवरून वर चढवायचा. ज्याला ते झेपणार नाही त्याच्यासाठी उजवीकडून वळसा आहे, पण वळसा घेतला की एक फटका जातोच. सतराव्यावर उंचावर उभं राहून खदानीच्या पोकळीवरून खाली ग्रीनवर मारायचं. २०१३ च्या यूएस ओपनला हा पार तीनचा होल २४६ यार्डांचा होता. मग अठराव्यावर खालून टी शॉट, खदानीच्या भिंतीवरून बाहेर, आणि समोर ५२१ यार्डांचा पार चार. तीनदा तीच खदान, आणि तिन्ही वेळा हातात वेगळा क्लब, पायाखाली वेगळा उतार. आमच्या नाल्यासारखंच!

यातला कुठला काढाल? सोळावा काढला तर खदानीची ओळखच होत नाही. सतरावा काढला तर माणूस खदानीत उतरतच नाही, मग अठराव्यावर बाहेर कुठून निघणार?

आणि नुसती रचना नाही, तिथे घडलेलं बघा. १९४९ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये धुक्यात बेन होगन या गोल्फपटूच्या गाडीवर समोरून बस आली. तो परत चालेल की नाही याचीच शंका होती. १९५० च्या जूनमध्ये तो मेरियनला यूएस ओपन खेळला. शेवटच्या दिवशी छत्तीस होल, पायांना पट्ट्या गुंडाळलेल्या. सतराव्यावर एक फटका गेला, आणि अठराव्यावर बरोबरीसाठी पार हवा होता. त्याने एक नंबरची आयर्न, म्हणजे लांब मारायचा लोखंडी क्लब, काढली आणि चेंडू ग्रीनवर आणला. हाय पेस्किनने मागून टिपलेला तो फोटो गोल्फमधला सगळ्यात प्रसिद्ध फोटो असेल. होगनचा तोल, दोन्ही बाजूंना उभी गर्दी, दूर ग्रीन. जिथून तो फटका मारला तिथे फेअरवेत, म्हणजे टी आणि ग्रीनच्या मधल्या कापलेल्या गवतात, आज फलक आहे.

दुसऱ्या दिवशी प्लेऑफ, म्हणजे बरोबरीत आलेल्या होगन, मँग्रम आणि फॅझिओ या तिघांचा निकाली राउंड. होगन एका फटक्याने पुढे होता. सोळाव्याच्या ग्रीनवर लॉइड मँग्रमच्या चेंडूवर किडा बसला, त्याने चेंडू उचलून फुंकर मारली आणि नियमानुसार दोन फटक्यांचा दंड पडला. सतराव्यावर होगनने लांबून चेंडू भोकात घालून बर्डी केली, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी. शेवटी होगन ६९, मँग्रम ७३, फॅझिओ ७५. एका विजेतेपदाची गोष्ट सोळा, सतरा, अठरा या तिन्ही ठिकाणी घडली.

२०१३ ची यूएस ओपन आम्ही पुण्याला, मशीनच्या शेडमध्ये बसून बघितली. आम्ही सगळे होल कापणारे, त्यामुळे आमचं लक्ष आधी तिथल्या काठ्यांवर गेलं. मेरियनला काठीला झेंडा नसतो, वर विणलेली टोपली असते. शेवटच्या नऊ होलांच्या टोपल्या नारिंगी. झेंडा नाही म्हणजे ग्रीनवर वारा कुठून आहे ते खेळाडूला काठीवरून कळत नाही. जस्टिन रोझ अठराव्यावर पार करून आभाळाकडे बघतो, वडील गेलेले असतात त्याचे, तेव्हा शेडमध्ये कोणी बोललं नाही. पार पेक्षा एक फटका जास्त घेऊन तो जिंकला. जगातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूंना सव्वाशे एकरांच्या आसपासच्या जमिनीने तसं रोखलं. फिल मिकेलसनला बरोबरीसाठी अठराव्यावर बर्डी हवी होती, तिथे त्याची बोगी झाली.

आणखी एक गोष्ट आहे, ती माझ्यासारख्या शेतीच्या माणसाला हलवून जाते. हा कोर्स आखणारा ह्यू विल्सन विमा व्यवसायातला होता, गोल्फ कोर्स आखणं त्याचा धंदा नव्हता. गवत कुठलं लावायचं, खत काय, रोग कशाने येतो, हे विचारायला तो अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या पायपर आणि ओकली या शास्त्रज्ञांना पत्रं लिहायचा. वर्षानुवर्षं लिहिली. पुढे १९२० साली यूएस गोल्फ संघटनेचा गवतासाठीचा खास विभाग उभा राहिला, त्याच्या मुळाशी हीच माणसं होती. आणि १९३६ च्या सुमाराला तिथले ग्रीनकीपर जो व्हॅलेंटाइन यांना सतराव्याच्या टीजवळ गवताचा एक वेगळाच पुंजका दिसला. आजूबाजूचं गवत रोगाने खराब झालेलं, हा हिरवागार. त्यातून मेरियन ब्लूग्रास ही जात निघाली. मी ज्या तीन होलांची बाजू घेतो, त्यांच्या मधोमध हे घडलं. बागेत फिरताना एखादं झाड बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसलं की मी थांबतो, तेव्हा मला ते व्हॅलेंटाइन आठवतात.

आता मित्राच्या पेबलबद्दल. पेबल सुंदर आहे, त्यात वादच नाही. सातवा होल १०६ यार्डांचा, समुद्रात घुसलेल्या टोकावर. आठव्याचा दुसरा फटका कड्याच्या खाचेवरून, जॅक निकलॉसला तो सगळ्यात आवडतो. पण सातवा काढला तर आठव्याचं काही बिघडत नाही. पेबलची खरी ताकद आठ, नऊ, दहा यात आहे. तीन पार चार, तिन्हींना समुद्र उजवीकडे, सुटकेला जागा नाही. मित्राने सहा-सात-आठ सोडून आठ-नऊ-दहा म्हटलं असतं तर मला जास्त विचार करावा लागला असता. शेजारच्या सायप्रेस पॉइंटचा सोळावा एवढा मोठा आहे, की पंधरा आणि सतरा त्याच्या सावलीत जातात.

मला खरं अडवलं ते स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टी कोर्सने. बॅरी बर्न हा ओढा सतरा आणि अठराव्यावर सापासारखा परत परत आडवा येतो. १९९९ साली तीन फटक्यांची आघाडी घेऊन व्हॅन द व्हेल्ड अठराव्यावर आला. सहा चालले असते, सात झाले. बूट काढून तो ओढ्यात उतरला तो प्रसंग ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. पण सोळाव्यावर तो ओढा तसा आडवा येत नाही. जोडी जबरदस्त, सलग तीन नव्हे.

बाकी बेअर ट्रॅप, ग्रीन माईल वगैरे नावाजलेले सलग तीन-तीन होल आहेत, अवघडही आहेत. पण त्यांना बांधणारा ओढा कुठे, खदान कुठे? नुसतं अवघड ओळीने ठेवलं की सलग होत नाही.

२०३० च्या जूनमध्ये यूएस ओपन परत मेरियनला आहे. तेव्हा आमच्याकडे पेरणीचे दिवस असतील, आणि पाऊस आला असेल तर पांदणीतला नाला वाहत असेल. सालदाराला आत्ताच सांगून ठेवलं आहे की शेवटच्या रात्री वावरात नाही, घरी टीव्हीवर बघायचं. तो म्हणाला, “पेरनी राह्यली असन तं मी नाय येत भाऊ.” मित्रानेही आजच उत्तर पाठवलं आहे, खाली कमेंटमध्ये टाकतो. त्यात त्याने आठ-नऊ-दहा मान्य केले आहेत, मेरियन अजून नाही.